दोन कपांचं वजन

भाचीला पहिला दात आला, त्या वर्षी काटेवाल्याने घरचा चहा सोडला. भावोजी त्यात काहीतरी मिसळतात, याबद्दल त्याची खात्रीच पटली होती. तो ताईकडे राहायचा आणि खालच्या खोलीतल्या दुकानात तराजू दुरुस्त करायचा. एका सकाळी त्याने स्वतःचा आणि भावोजींचा भरलेला कप नाजूक काट्यावर ठेवला. त्याचा चौदा ग्रॅमने जड निघाला.

"बघ! आता बोल!"

ताईने दोन्ही कप ओतून टाकले, धुऊन पुसून पुन्हा तोलले. "अरे, तुझा कपच जड आहे."

"बदललास तू कप," तो म्हणाला.

पुढे त्याने गिऱ्हाइकांचे तीन तराजू उचकटून खिळखिळे केले; आत चोरून ऐकणारं यंत्र आहे म्हणे. तेव्हा मात्र ताईने दुकानाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि त्याला हाताला धरून डॉक्टरबाईंकडे नेलं.

बाईंनी हुज्जत घातली नाही. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलावलं. आधी झोप परतली, मग भूक. शंका मात्र चिवट. एकदा बाईंनी विचारलं, "काट्याचा संशय आला तर तुम्ही काय करता?"

"डबीतलं प्रमाण वजन ठेवून बघतो, ते अगदी नेमकं असतं. त्याला बोटसुद्धा लावत नाही, चिमट्याने उचलतो."

"घरात तसं कोण आहे?"

"ताई. लहानपणी मला वाचवायलासुद्धा ती कधी खोटं बोलली नाही. फार मार खाल्लाय मी तिच्यापायी."

मग ठरलं. शंका आली की ताईला विचारायचं, आणि ताईने त्याला बरं वाटावं म्हणूनही खोटं बोलायचं नाही.

सात महिन्यांत तो घरचा चहा पिऊ लागला. एका दुपारी तो जिना चढून आला आणि स्वयंपाकघरातली कुजबुज एकदम थांबली. भावोजींनी नजर चुकवली. पूर्वी असं झालं असतं तर तो आल्या पावली घराबाहेर पडला असता.

"ताई, माझ्याबद्दल बोलत होतात?"

"छे छे!" भावोजी घाईने म्हणाले. "भाजी कुठली करायची, ते चाललं होतं."

ताईने नवऱ्याकडे असं पाहिलं, की बिचारे पिशवीतली भाजी काढू लागले. "हो, तुझ्याबद्दलच. हे म्हणतात, दुकानाची किल्ली देऊन टाक त्याला. मी म्हणते थांबू या. मला भीती वाटते."

"भावोजी म्हणतात? द्या म्हणून?"

"महिनाभर डोकं खाल्लंय माझं."

काटेवाला मटकन खुर्चीत बसला. कुजबुज खरी होती, चुकवलेली नजरही खरी. डोळ्यांनी पाहिलं ते बरोबरच होतं. पुढची गोष्ट मात्र त्याने मनाने रचली असती. छातीवरचा दगड उतरला आणि त्याला हसू फुटलं.

"भावोजी, थाप मारायची तर आधी भाजी तरी बाहेर काढून ठेवायची!"

तिघेही हसले. ताईने डोळे पुसले आणि कमरेची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"रोज संध्याकाळी तुझ्याकडे आणून देत जाईन," तो म्हणाला. "तुझी भीती जाईपर्यंत."

शंका पुढेही अधूनमधून यायच्या. तो विचारून मोकळा व्हायचा. गोळ्या त्याने सोडल्या नाहीत, आणि तो जड कपही नाही.

भाची नोकरीला लागली, त्या वर्षीच्या थंडीत, एका मंगळवारी सकाळी ताई वारली. त्यानंतर शंका आली की तो भावोजींना विचारायचा, आणि त्यांनी पुन्हा कधी थाप मारली नाही.