बाणाखालचे ठिपके

मित्रांनो, मी एक जुना बाण आहे. धनुष्य मला कधी मिळालं नाही. दोघांना एकाच वेळी बघता येईल अशा सूक्ष्मदर्शकाच्या पोटात बसवलेला मी केसाएवढा काळा काटा. एका बाजूने डॉक्टर बघतात, दुसऱ्या बाजूने विद्यार्थी, आणि डॉक्टर मला फिरवून ‘हे बघ’ म्हणतात.

माझे डॉक्टर शरीरातला बारीकसा तुकडा काचेवर बघून रोग ओळखायचे. हॉस्पिटलचे प्रमुखही तेच. शिवाय चित्रं काढायचे. काचेवरचे गुलाबी-जांभळे रंग घरी जाऊन कागदावर उतरवायचे. वीस वर्षं आम्ही मिळून शिकवलं. पोरं म्हणायची, ‘सरांचा बाण कधी चुकत नाही.’ ते ऐकून मी फुगायचो. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

एके दिवशी सकाळी अकराला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन उघडायचं होतं आणि एक काच बघायची उरली होती. हॉस्पिटलच्या चादरी शिवणाऱ्या बाईंच्या स्तनातल्या गाठीची. डॉक्टरांनी मला मधोमध उभं केलं. ‘बघ, किती सुंदर रचना आहे. साधी गाठ.’

समोर एक विद्यार्थिनी होती. तिच्या प्रश्नांना अंत नसे, म्हणून सगळे तिला शंकासुर म्हणत.

‘सर, बाणाच्या खाली काहीतरी गडद दिसतंय.’

‘शंकासुर, बाणाचं टोक बघ. पोट नको बघूस.’

लहान तोंडी मोठा घास नको म्हणून तिने वहीत ‘साधी गाठ’ असंच लिहून घेतलं. डॉक्टर सही करून निघाले. माझ्याखाली कर्करोगाच्या पाच-सहा वेड्यावाकड्या पेशी होत्या, मित्रांनो. मी नेमका त्यांच्यावरच उभा होतो. मला आपणहून सरकता येत नाही, हे खरं. पण ही सबब माझी मलाच पटत नाही.

आठ महिन्यांनी बाई परत आल्या. गाठ वाढली होती. जुनी काच काढली, डॉक्टरांनी मला बाजूला केलं आणि खालचे गडद ठिपके एकेक करून मोजले. प्रमुखच ते, मनात आणलं असतं तर प्रकरण दाबता आलं असतं. त्यांनी बाईंना बोलावून विद्यार्थ्याच्या जागी बसवलं. शंकासुर मागे उभी होती.

‘हे ठिपके मला तेव्हाच दिसायला हवे होते. छोट्या ऑपरेशनवर भागलं असतं. आता स्तन काढावा लागेल. हिने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे.’

बाईंनी डोळा लावला. ‘एवढेसे?’ मग म्हणाल्या, ‘सुई काढल्याशिवाय टाका कसा पडलाय ते कळत नाही, डॉक्टर. इतकं शिकलात, हे कुणी सांगितलं नाही?’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई वाचल्या. पण ऑपरेशनमुळे हाताला सूज येते, शिलाई मशीन मध्येच थांबवावी लागते. आता प्रत्येक काच दोघं बघतात आणि आधी धाकट्याने बोलायचं, असा डॉक्टरांचा नियम आहे. त्या काचेचं चित्रही त्यांनी काढलं, माझ्यासकट. चित्र प्रदर्शनात नाही, वर्गात टांगलंय. दरवर्षी कुणीतरी विचारतं, ‘सर, मधे हे काळं काय आहे?’

डॉक्टर म्हणतात, ‘तो मी.’

मित्रांनो, कुणी ‘हे बघ’ म्हणून दाखवलं तर जरूर बघा. पण आधी त्याला जरा बाजूला व्हायला सांगा. तो रागावला तरी सांगा.