थांबलेली गाडी बाद

बोरघाटात खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत मोटारींची शर्यत होत असे, हे आज कोणाला सांगितलं तर लोक हसतात. होत असे. साहेबांचा मोटार क्लब दर थंडीत ती भरवायचा. खालून एकामागून एक गाडी सुटायची, वर खंडाळ्याला क्लबाचे कर्नलसाहेब घड्याळ घेऊन तंबूत बसायचे, आणि जी गाडी सगळ्यांत कमी वेळात घाट चढेल तिला चांदीचा कप. माझं लोणावळ्यात मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. तीन वर्षं मी त्या शर्यतीत मेकॅनिक म्हणून गाडीत बसलो आणि चौथ्या वर्षी बाहेर उभा राहिलो. त्यानंतर शर्यत हा शब्द कानावर आला तरी मी उठून जातो.

मी बसत असे महिपतीच्या शेजारी. महिपती कामशेतजवळच्या वडिवळ्याचा, भातशेतीवाल्या घरातला, आणि मुंबईच्या एका शेठचा पगारी ड्रायव्हर. शेठचा लोणावळ्यात बंगला होता, दाराशी दोन मोटारी होत्या आणि मनात साहेबांच्या क्लबात शिरायची हाव होती. क्लब देशी माणसाला सभासद करून घेत नसे, पण शर्यतीत गाडी उतरवायला त्यांची हरकत नव्हती. तेव्हा शेठनं महिपतीला सांगितलं, "ओळीनं तीन वर्षं कप आणून दे. ही गाडी तुझी."

गाडी मिळाली की नोकरीला रामराम ठोकायचा, कामशेत ते लोणावळा उतारू न्यायचे आणि रोज घरी जाऊन जेवायचं, एवढंच महिपतीच्या डोक्यात होतं. त्याची बायको रतनबाई गावी आणि हा शेठच्या मागं मागं, कधी मुंबई तर कधी लोणावळा. त्याबद्दल तो काही बोलत नसे. रतनबाई मात्र भेटेल त्याला ऐकवायची.

पहिल्या वर्षी आम्ही निम्मा घाट चढून आलो. इंजिन झकास चाललं होतं. आणि शिंग्रोबाच्या देवळापाशी या गृहस्थानं ब्रेक लावला.

"अरे, काय करतोस?" मी ओरडलो.

"चाकाला दगड लावा, श्रीपादराव. देवाला नारळ ठिवतो."

घाटातला प्रत्येक ड्रायव्हर शिंग्रोबापाशी थांबतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण भर शर्यतीत? मी शिव्या घालत उतरलो आणि मागच्या चाकाला दगड लावला. त्यानं सीटखालून नारळ काढला, फोडला, कपाळ टेकवलं, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि त्या चढावरून गाडी अशी उचलली, की मला दाराला लोंबकळत आत यावं लागलं. वर पोचलो तर कप आमचाच.

त्या दिवशी साहेब हसले. मडमा महिपतीला बघायला आल्या, कोणीतरी त्याचा नारळासकट फोटो काढला. ते हसू काही फार टिकलं नाही. थांबून, नारळ फोडून, प्रसाद वाटून एक माणूस जिंकतो, तर न थांबता हरणाऱ्यांनी तोंड कुठं लपवायचं?

म्हणून दुसऱ्या वर्षी नियम निघाला. पोटासाठी गाडी हाकणाऱ्यांना सराव जास्त असतो, सबब पगारी ड्रायव्हरच्या गाडीत वाळूची पोती टाकावीत. मागच्या सीटवर पोती रचली गेली. पण त्या वर्षी वळणावळणावर खडी सुटली होती. साहेबांच्या हलक्या गाड्यांची मागची चाकं जागच्या जागी गरगरत राहिली, आमची मात्र पोत्यांच्या भारानं रस्ता धरून होती. महिपतीनं देवळापाशी थांबून नारळ फोडला आणि दुसरा कपही आणला. टाळ्या वाजल्या, पण हातमोजे घालून.

तिसऱ्या वर्षीचा नियम एका ओळीचा होता. मार्गात थांबलेली गाडी बाद.

हा नियम कोणासाठी आहे हे खोपोलीतल्या पोरासोरांनाही कळत होतं. मी महिपतीला समजावलं, "आदल्या दिवशी जाऊन दोन नारळ फोड."

"आपल्या सोयीनं द्याचा आसतो व्हय देवाला?" तो म्हणाला. "मग मी न्हाईच येत."

शेठ येऊन आधी गोड बोलला, मग तापला. महिपती हलेना. दोन कप घेऊन हा माणूस तिसऱ्याच्या दारात फतकल मारून बसला होता, आणि मला त्याचा इतका संताप आला की मी त्याच्याशी बोलणंच सोडलं. शेवटी रतनबाई गावाहून आली. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून तिनं सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी गाडी हाका. देवळापाशी मी उबी ऱ्हाते. तुमी आला की नारळ मी फोडते."

"बाईमानसं नारळ फोडत्यात का कुटं?"

"देव न्हाई म्हनला तर म्हनंल. रोज घरात निवद कोन करतंय? मीच न्हवं? तो चालतोय त्याला."

महिपती हसला.

शर्यतीच्या दिवशी ती देवळासमोर पदर खोचून उभी होती. आमची गाडी दिसताच तिनं नारळ दगडावर आपटला. महिपतीनं स्टिअरिंग न सोडता, पाय न उचलता मान लववली. रस्त्यावर लक्ष कोणाचंच नव्हतं, कारण मीही डोळे मिटले होते. गाडी आपली आपण वळली असं मी अजून मानतो. कप अर्थातच आमचा, आणि मागच्या दोन वर्षांपेक्षा कितीतरी लवकर.

मग तंबूत कमिटी बसली. तासभर आत नुसती कुजबुज. बाहेर येऊन कर्नलसाहेबांनी जाहीर केलं, की ड्रायव्हरनं मार्गात बाहेरच्या व्यक्तीची मदत घेतली, म्हणून गाडी बाद. बाहेरची व्यक्ती म्हणजे रतनबाई. मदत म्हणजे नारळ. असा नियम सकाळपर्यंत कुठंच नव्हता, तो त्या तासाभरात जन्मला.

एवढ्यावरही मी गप्प बसलो असतो. साहेब तो साहेब. पण त्या कमिटीत शेठ बसला होता. नुकतंच त्याला सभासद करून घेतलं होतं, आणि लगोलग कमिटीवरही. आपल्याच गाडीला बाद करण्यासाठी त्यानं सगळ्यांच्या आधी हात वर केला, हे मला चहा देणाऱ्या बटलरनं सांगितलं. मी रस्त्याच्या कडेला जाऊन थुंकलो.

"नियम म्हणजे नियम, महिपती," बाहेर येऊन शेठ म्हणाला. "दोनच कप झाले. पुढच्या वर्षी बघू."

रतनबाई तोवर घाट चढून वर आली होती. ती पुढं झाली.

"शेट, साहेब काय म्हनत्यात? माज्या नारळानं गाडी वर आली?"

"तसंच काहीसं."

"मग जितले मी. द्या की गाडी मला."

शेठ खो खो हसला. त्यानं ते कर्नलला इंग्रजीत सांगितलं, मग कर्नल हसला, मग सगळा तंबू हसला. सगळे हसायचं थांबेपर्यंत रतनबाई तिथंच उभी राहिली आणि मग स्टेशनकडे चालू लागली.

चौथ्या वर्षीच्या नियमांत पहिली ओळ होती, की मार्गावर स्त्रियांनी उभं राहू नये. दुसरी अशी, की गाडी मालकानंच चालवली पाहिजे, पगारी माणसानं फक्त शेजारी मेकॅनिक म्हणून बसावं. म्हणजे माझीही सुट्टी झाली. आणि तिसरी ओळ सगळ्यांवर कडी. आता मालकामालकांतच चुरस लागून मनं दुखावणार, म्हणून गाड्यांचे वर्ग पाडले. इंजिनावरून वर्ग, टपावरून वर्ग, दारांवरून वर्ग. जितक्या गाड्या तितके वर्ग झाले आणि प्रत्येक वर्गाला एक कप. म्हणजे वर पोचला तो पहिला! याला शर्यत म्हणायचं असेल तर पंगतीत जेवायला बसणं हीसुद्धा शर्यतच.

पण वर पोचणार कसं? मालकांना घाट चढवता येत होता कुठं? मला शेवटच्या वळणावर रेडिएटरसाठी पाणी घेऊन उभं केलं होतं. ते वळण तंबूतून दिसत नाही. तिथं मी जे पाहिलं त्याची किळस अजून गेलेली नाही. पहिली गाडी आली. स्टिअरिंगवर पगारी ड्रायव्हर. ती वळणाआड थांबली. ड्रायव्हर उतरून पलीकडून आत आला, मालक सरकून स्टिअरिंगमागं बसला, त्यानं टोपी नीट केली आणि गाडी वर गेली. मागून दुसरी आली. तीही थांबली. थोड्या वेळानं तिथं चक्क रांग लागली. साहेब आणि शेठ लोक आपापल्या गाडीत बसून नंबर यायची वाट बघत होते, एकमेकांना गुड मॉर्निंग करत होते. थांबलेली गाडी बाद करणारा निशाणवाला तिथंच दोन पावलांवर होता. तो पाठ करून दरी बघत होता.

आमच्या शेठचा नंबर आला. महिपती उतरला, मी चाकाला दगड लावला, शेठ स्टिअरिंगमागं बसला. नेमका तिथं चढ खडा. शेठनं क्लच सोडला, गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ती मागं घसरली आणि दगडावर आदळली. मागच्या रांगेतून भोंगे सुरू झाले. कोणीतरी इंग्रजीत शिवी हासडली. शेठचा चेहरा घामानं निथळत होता.

"महिपती, बस इथं. त्या झाडापर्यंत ने."

"मी कसा बसू? मालकानंच चालवाची. नियम हाय."

"अरे, मागं सगळे खोळंबलेत!"

"तुमीच केलाय न्हवं नियम?"

भोंगे वाढले. शेठनं स्टिअरिंगवर मूठ आपटली आणि ओरडला, "मग तूच मालक! घे, गाडी तुझी! दिली! पण वर ने!"

"पुन्यांदा म्हना. श्रीपादरावांना ऐकू द्या."

"दिली, दिली, दिली!"

शेठ उतरला आणि वळसा घालून शेजारच्या सीटकडे निघाला. तोवर महिपती बसला होता. त्यानं मला दगड काढायला सांगितलं. मी काढला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली आणि शेठ दाराच्या कडीसाठी पुढं केलेला हात तसाच धरून रस्त्यात उभा राहिला. महिपती एकटाच तंबूसमोरून गेला. थांबला नाही. खंडाळा ओलांडून, लोणावळा ओलांडून तो सरळ कामशेतच्या रस्त्याला लागला.

शेठ चालत वर आला तो "चोर, चोर, पोलीस बोलवा" करत. कर्नलनं त्याला तंबूत नेलं. पोलीस येणार म्हणजे विचारणार, की शेठ गाडीतून उतरले कुठं? आणि का उतरले? मग मागचे का थांबले होते? सगळे मालक आपापले कप छातीशी धरून तंबूच्या दाराशी गोळा झाले. काही वेळानं शेठ बाहेर आला. चोरी झाली नव्हती. शेठनं आपल्या इमानी नोकराला खूश होऊन गाडी बक्षीस दिली होती, आणि ती वर पोचेपर्यंत शेठच ती चालवत होता! ज्या लोकांनी महिपतीला एकटा जाताना डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांनीच टाळ्या वाजवल्या. शेठच्या बुटांवर घोट्यापर्यंत धूळ होती. तशा बुटांनी पुढं होऊन त्यानं आपल्या वर्गाचा कप घेतला. इतकं निर्लज्ज तोंड मी आजवर पाहिलेलं नाही.

गाडीचे कागद द्यायला शेठचा कारकून वडिवळ्याला आला, तो पेंटर बरोबर घेऊनच. महिपतीनं मला साक्षीला बोलावलं होतं. दारावर अक्षरं लिहायची, तरच कागद द्यायचे, असा हुकूम होता. महिपती बाजूला झाला. पेंटरनं पिवळ्या रंगात ठसठशीत लिहिलं. कागद हातात देऊन दोघंही परत गेले.

रतनबाई रानातून आली होती. हातात विळा. तिनं मला विचारलं, "काय लिवलंय ते?"

मी वाचून दाखवलं. "शेठजींच्या कृपेने."

"दोन कप ह्यांनी आनलं, तिसरा मी," ती म्हणाली, "आन् किरपा त्याची?"

तिनं विळ्याची धार त्या ओल्या अक्षरांवर लावली आणि खरवडायला लागली. रंगाबरोबर खालचा काळा रंगही निघाला, त्याच्या खालचा पत्रा दिसू लागला. अंगावर काटा येईल असा आवाज होत होता.

"अगं, पत्रा खराब हुईल," महिपती म्हणाला.

"हुंदे," ती म्हणाली, आणि तिनं विळा दुसऱ्या हातात घेतला.