नवरीच्या माहेरचा स्वहिस्सा

सोमवार म्हणजे कट्टा गावच्या सेवा केंद्रातला गर्दीचा वार. शिवांगीने संगणक चालू करीपर्यंत बाहेरच्या बाकावर सात माणसे बसली होती आणि सातही जणांना आपला नंबर पहिला वाटत होता. कुणाचा पीकविमा, कुणाचा फळबागेचा अर्ज. बाबलीकाकांना खोबरेल तेलाचा घाणा घालायचा होता आणि तो सरकारने फुकट द्यावा एवढीच त्यांची अपेक्षा होती.

"फुकट काय गावणा नाय, काका," शिवांगी हसत म्हणाली. "थोडे पैशे तुमच्या खिशातले. तेका स्वहिस्सो म्हणतत. बाकी बँकेचा कर्ज. घाणो नीट चललो, तर त्या कर्जातला थोडा सरकार फेडता."

"आणि नाय चललो तर?"

"तर कर्ज तुमचा. अर्जार नाव तुमचा ना?"

काकांनी टोपी काढून डोके खाजवले आणि विचार करून येतो म्हणाले.

अन्नप्रक्रियेची पदविका घेऊन शिवांगी सात वर्षे या खुर्चीत बसली होती. फाइल कुठे अडते आणि कुठल्या कागदाने सुटते, हे तिला तोंडपाठ होते. तिच्या हातच्या अर्जांवर चार काजू कारखाने आणि एक लोणच्याचा उद्योग उभा राहिला होता. तिला स्वतःला कोकमाचे युनिट घालायचे होते. धामापूरला तिच्या वडिलांची, भाईंची, चाळीस रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या झाडांची, बाग होती आणि दर मे महिन्यात त्यातली निम्मी फळे झाडाखालीच कुजत होती. ते बघून तिचा जीव जळायचा.

म्हणून फोंडाघाटच्या यज्ञेशचे स्थळ आले आणि तो पहिल्याच भेटीत म्हणाला, "लग्न झालं की तुझ्या नावावर कोकमाचं युनिट घालू," तेव्हा ती हरखली. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत बसून तिने बावीस पानांचा प्रकल्प अहवाल तयार केला. यंत्रे कुठली, रसाचे आगळ किती, वाळवलेली सोले किती, बाजार कुठला, सगळे लिहिले. फक्त एका जागी ती चुकली. स्वहिस्सा कुठून आणणार, हा रकाना लोकांच्या अर्जात ती दोनदा विचारून भरायची. स्वतःच्या अर्जात मात्र 'कौटुंबिक बचत' असे लिहून ती पुढे गेली. कुठल्या कुटुंबाची, हे विचारायचे तिला सुचलेच नाही.

ते तिला कळले पुढच्या रविवारी, लग्नाच्या बोलण्यांच्या दिवशी.

यज्ञेशचे वडील जितेंद्रशेठ काजूचे व्यापारी. ओटीवर बसून त्यांनी शिवांगीच्या आईच्या, माईच्या, हातच्या घावन्यांची तोंडभर स्तुती केली आणि मग मांडी बदलून म्हणाले, "हुंड्याचा नाव काढू नकात, भाई. आमच्यात हुंडो घेणत नाय."

भाईंनी समाधानाने मान डोलावली. बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस. हुंड्याविरुद्धचे निबंध त्यांनी किती पिढ्यांकडून लिहून घेतले, त्याची गणती नाही. आणि आपण कोकणातली माणसे तरी कमी आहोत का? हुंडा तो घाटावरच्यांचा, आमच्यात ती घाण नाही, हे सांगताना आपली छाती केवढी फुगते! मग मुलीच्या बापाकडून जे निघते त्याला आपण हौस म्हणतो, मदत म्हणतो, मुलीचेच कल्याण म्हणतो. नाव बदलले की हात धुवायलाही नकोत.

"फक्त एक," जितेंद्रशेठ पुढे बोलले. "युनिटाचो स्वहिस्सो आणि शेड, एवढा तुमी बघा. फोनार आपला ठरलाच आसा. तुमच्या चेडवाच्याच, शिवांगीच्याच नावार सगळा. बाईच्या नावार अर्ज केलो की अनुदानव जास्त."

शिवांगी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने भाईंकडे पाहिले. भाईंनी नजर चुकवली. म्हणजे फोनवर सगळे ठरले होते, भाईंची निवृत्तीची ठेव मोडायचेही ठरले असणार, आणि जिच्या नावावर हे चालले होते तिला कुणी एका शब्दाने सांगितले नव्हते.

तिने ट्रे खाली ठेवला. "शेड खंयच्या जमनीत घालतलास, काका?"

"आमच्याच. गोडावनाच्या पाठी."

"मगे त्या जागेचो भाडेकरार माझ्या नावार होयो. बँक मागता."

"बँकेपुरतो करू गो. काम झाला की फाडून टाकू. घरातल्या घरात कसलो करार?" जितेंद्रशेठ हसले आणि पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढून त्यांनी तिच्यापुढे सरकवला. "हेच्यार वायच सही करून ठेव. तुका बँकेत फेरे नको मारूक."

ते मुखत्यारपत्र होते. असले कागद वाचण्यात तिची सात वर्षे गेली होती, त्यामुळे तिला वेळ लागला नाही. खाते यज्ञेश चालवणार. यंत्रे यज्ञेश घेणार, आणि ती यज्ञेशच्या मामाकडूनच घेणार. माल यज्ञेश विकणार, अनुदानाची रक्कमही तोच उचलणार. तिच्या वाट्याला शेवटचे एक वाक्य होते: कर्जफेडीची जबाबदारी अर्जदाराची राहील.

"कर्ज मी फेडूचा आणि खाता यज्ञेश चलवतलो?"

यज्ञेश कणकवलीच्या एका कार्यालयात नोकरीला होता आणि तिच्याशी नेहमी शुद्ध बोलायचा. तो ओशाळून म्हणाला, "अगं, नावापुरतं आहे ते. तू फक्त सही कर."

तो वाईट मुलगा नव्हता. बाप सांगेल त्याला मान हलवणारा होता, आणि अशाच चांगल्या मुलांच्या जिवावर हे सगळे चालते. शिवांगीच्या अंगाची लाही लाही झाली. तिने महिनाभर खपून लिहिलेली बावीस पाने या माणसाने उघडून तरी पाहिली होती का?

"नावापुरती मीच मां?" ती म्हणाली. "काका, हो हुंडोच आसा. सरकारी अर्जात गुंडाळलेलो. जुन्या हुंड्यात बापूस पैशे देय आणि सुटा. तुमच्यात पैशे बापाशीन देवचे, वर कर्ज चेडवान काढूचा, आणि युनिट तुमचा. मी सही करूचंय नाय."

"शिवांगी!" भाई ओरडले.

"आणि साखरपुडोव नको," ती म्हणाली. तिने मुखत्यारपत्र त्यांच्यापुढे परत सरकवले.

जितेंद्रशेठ उठले. जाता जाता म्हणाले, "जास्त शिकवलेली पोरगी आसा, भाई. तुमकाच लखलाभ." यज्ञेश मान खाली घालून गाडीत जाऊन बसला.

गाडी वळणाआड गेली तसा भाईंचा पारा चढला. "माझा नाक कापलंस चार माणसांत! चेडवाच्या नावार चार पैशे घालूक निघालंय, तर माकाच चोर ठरवलंस?"

"माझ्या नावार?" शिवांगी म्हणाली. "मगे ते पैशे तुमच्याकडेच ठेवा, भाई. स्वहिस्सो माझ्या बचतीतसून भरतंय. माका फक्त रस्त्याकडची दोन गुंठे जागा दिया. मालकी नको, धा वर्सांचो भाडेकरार. शेड मी लहान घालतंय."

भाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. हातातला चष्मा त्यांनी पुसला, परत घातला.

"ती जमीन सर्वेशाची," ते शेवटी म्हणाले.

सर्वेश शिवांगीचा भाऊ. पुण्याला नोकरी, चार वर्षांत बागेत पाऊल नाही. सातबाऱ्यावर नाव भाईंचे, त्याचे नव्हेच.

"तेका इचारूया मगे."

"इचारूचा काय त्यात? चेडवाक जमीन देवची रीत नाय. आज करार मागतंस, उद्या हिस्सो मागतलंस."

वाचकहो, हिशेब तुम्हीच करा. ओळखपाळख नसलेल्या व्यापाऱ्याला आयुष्यभराची ठेव हात जोडून द्यायला हा सुशिक्षित बाप तयार होता. पोटच्या पोरीला दोन गुंठे भाड्याने द्यायला तयार नव्हता. सासरला तिचे नाव अनुदानापुरते हवे, माहेरला ते जमिनीच्या कागदावर अजिबात नको. मग सरकारने महिलांसाठी कितीही योजना काढल्या तरी त्या पोचतात कुणाकडे? बाईच्या नावाने निघालेला पैसा बाईच्या हातात यायच्या आधी वाटेतल्या पुरुषांची मान्यता घेतो, आणि आपण त्याला घरची रीत म्हणतो. या रीतीची लाज कुणालाच वाटत नाही, याचा राग यायला हवा. तुमच्या घरचा सातबारा काढून बघा, आणि त्यावर किती मुलींची नावे आहेत ती मोजा.

शिवांगी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे केंद्रात गेली आणि संध्याकाळी बाजारात आनंदीकडे जाऊन उभी राहिली. आनंदी कोळीण तीस वर्षे कट्ट्याला मासे विकत होती. त्या कमाईतून तिने बाजारामागे दोन खोल्या घेतल्या होत्या, स्वतःच्या नावावर. एक खोली रिकामी होती.

"भाडा वेळेर देतलंस मां?" आनंदीने विचारले.

"देतंय."

"मगे कर करार. धा वर्सां म्हंतंस तर धा वर्सां. रिकामी ठेवून मी काय करू?"

बापाला आणि होणाऱ्या सासऱ्याला जे जमले नाही, ते एका परक्या बाईने बांगडे मोजता मोजता उरकले. शुक्रवारी केंद्रातच कागद तयार झाला. अर्ज आता लहान होता, यंत्रे कमी होती, आणि बँक हो म्हणेल की नाही ते बँकेलाच ठाऊक. साक्षीदार दोन लागत होते. एक बाबलीकाका. दुसऱ्यासाठी शिवांगी कुणाला बोलवावे याचा विचार करत होती, तेवढ्यात धामापूरच्या एसटीतून माई उतरली.

"माई? तू कशी इलंस?"

"भाईंका सांगान इलंय. ते पेपर वाचीत रवले. दुसरी सही मी करतंय."

शिवांगीने पेन पुढे केले. माईने ते बाजूला ठेवले, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून करार वाचायला घेतला. प्रत्येक ओळीवर बोट. दहा मिनिटे झाली, वीस झाली. आनंदी चुळबुळू लागली.

"बाये, माझे बांगडे उनात आसत गो."

"आसांदेत," माई मान वर न करता म्हणाली. "बाबा गेलो तेव्हा माझ्या भावांनी असोच कागद हाडल्यानी. म्हणाले, तलाठ्याक होयो, सही कर. केलंय. तो हक्कसोडीचो होतो. सव्वीस वर्सां झाली, कोणाकडे बोलाक नाय. आता वाचल्याशिवाय सही करूचंय नाय."

आनंदीने पाटी उचलून सावलीत सरकवली आणि ती परत येऊन बसली. तिसऱ्या पानावर माईचे बोट थांबले. भाडे कुठल्या तारखेला द्यायचे, ती जागा कोरी राहिली होती. शिवांगीने तारीख भरून ते पान पुन्हा छापले. माईने तेही पहिल्या ओळीपासून वाचले, आणि मगच खाली आपले पूर्ण नाव लिहिले.