तिसरा चेंडू

मित्रांनो, मी एक जुने श्वासाचे यंत्र आहे. यंत्र म्हणायचे एवढेच. माझ्यात ना तारा, ना बॅटरी. पारदर्शक प्लास्टिकच्या तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक हलका चेंडू आणि तोंडात धरायला एक लवचीक नळी. माणसाने श्वास आत ओढला की चेंडू वर चढतात.

मी साच्यातून निघाले, खोक्यात बसले आणि औषधांच्या दुकानातून एका काच कारागिराच्या घरी आले. त्यांनी उभे आयुष्य भट्टीसमोर लोखंडी नळीने काच फुंकली होती. दिव्यांच्या चिमण्या, बरण्या, फुलदाण्या. आता खिडकीपर्यंत चालले तरी त्यांना दम लागे. पुन्हा एकदा भट्टीपाशी जावे, जुन्या सोबत्यांना भेटावे, एवढीच त्यांची इच्छा होती. डॉक्टरांनी अट घातली होती, तिसरा चेंडू वर गेला की जा.

पहिल्या दिवशी त्यांनी नळी तोंडात धरली आणि जोरात फुंकली. चेंडू जागचे हलले नाहीत. पुन्हा फुंकली. चेहरा लाल झाला.

"बिघडलेलं दिलंय," ते म्हणाले.

"ते धड आहे, तुम्हीच उलटे आहात," त्यांची बायको म्हणाली. "आत ओढायचं."

"नळी तोंडात असताना आत ओढायचं नाही, हे भट्टीवर पहिल्याच दिवशी शिकवतात. घसा भाजतो."

"इथे कुठे भट्टी आहे? ओढा."

आत ओढायला शिकण्यातच त्यांचे कितीतरी दिवस गेले.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई अधूनमधून येत. त्या म्हणाल्या, "आधी डोळे मिटा. श्वास आत येताना कुठे कुठे जाणवतो ते बघा. मग मनात म्हणा, मी शांत आहे, मी बरा होतोय."

"बाई, मी बरा होत नाहीये. शांत तर मुळीच नाही. खोटं कसं बोलू?"

बाई हसल्या. "मग खरं असेल ते म्हणा."

ते बराच वेळ डोळे मिटून बसले. मग हळूच म्हणाले, "श्वास आला. मी इथं आहे." तेच त्यांचे वाक्य ठरले.

रोज असे बसता बसता एक दिवस ते बायकोला म्हणाले, "अगं, राग आला की मी श्वास धरून ठेवतो."

"आज कळलं? मी लग्नापासून बघतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आणखी धरला असतात."

त्या दिवसापासून ते श्वास धरला की स्वतःच थांबत आणि सोडून देत. "तू आज गप्प का?" असेही विचारू लागले. हे त्यांनी पूर्वी कधी विचारले नव्हते.

पहिला चेंडू चढला, मग दुसरा. बायकोने शेजारच्या काकूंना बोलावून मला दाखवले. माझे इतके कौतुक कधी झाले नव्हते. तिसरा चेंडू तळाशी थरथरायचा, पण वर चढत नसे.

मग खोकला वाढला आणि पहिलाही हलेना. मला उशाशी ठेवून ते नुसते वाक्य म्हणत. पुढे तेवढाही दम राहिला नाही. तेव्हा त्यांचा हात धरून बायको म्हणे, "श्वास आला," आणि ते म्हणत, "मी इथं आहे."

एका सकाळी ती म्हणाली, "श्वास आला." उत्तर आले नाही. तिने पुन्हा म्हटले. मग तिने त्यांचा हात हळूच चादरीवर ठेवला.

मला कपाटावर ठेवले गेले. माझ्यावर धूळ बसली, नळी पिवळी पडली. वरून मला ती दिसे. भाजी चिरता चिरता ती थांबायची आणि तिची छाती कितीतरी वेळ हलायचीच नाही.

एका दुपारी तिने मला खाली काढले, धुतले आणि ती त्यांच्या खुर्चीत बसली. डोळे मिटून तिने श्वास ओढला. तिन्ही चेंडू वर गेले.

"श्वास आला," ती म्हणाली आणि सवयीने थांबली. मग उरलेले वाक्य तिनेच पुरे केले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण रोज थोडा वेळ आपल्या श्वासाकडे बघा. आणि घरात कुणी श्वास धरून बसलेले दिसले, तर त्याला लगेच सांगा. तिने इतकी वर्षे सांगितले नाही, तेच तिला आता खुपते आहे.