एका आकड्याचा फरक

कवळीवाल्यांचं नाणं त्रेसष्ट ठरलं आणि त्यांच्या मेहुण्याचं चौसष्ट, तेव्हापासून त्या दोघांच्या गप्पांत मिठाचा खडा पडला.

नाणी दोन्ही चांदीची, एकाच वर्षी एकाच टांकसाळीत पाडलेली. कवळीवाले दातांच्या कवळ्या बनवायचे, मेहुणा चष्मे. एकाला हाताचा गर्व, दुसऱ्याला डोळ्याचा. नाण्यांचा नाद मात्र सारखाच. नाणी तपासणारी एक कंपनी होती. तिच्याकडे नाणं पाठवलं की तिथले परीक्षक अस्सल-नक्कल बघायचे, सत्तरपैकी दर्जा द्यायचे आणि त्या आकड्यासकट नाणं पारदर्शक डबीत सीलबंद करून परत करायचे. दोघांनी हौसेनं पाठवलं आणि हे असं झालं.

मेहुणा तसा वाईट नव्हता. फक्त दर भेटीत कुठूनतरी तो आकडा काढायचा.

"एकाचाच तर फरक आहे, भाऊजी," तो म्हणायचा. "मनाला लावून घेऊ नका."

कवळीवाल्यांनी एकदा त्याची डबी मागून घेतली आणि दोन्ही डब्या शेजारी ठेवून भिंगातून पाहिल्या. मेहुण्याच्या नाण्यावर राजाच्या गालावर सरळसरळ एक ओरखडा होता. यांच्या राजाचा गाल लोण्यासारखा. त्यांनी बायकोला बोलावून दाखवलं.

"मला दोन्ही राजे सारखेच रागावलेले दिसतात," ती म्हणाली.

त्यांनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवून झाल्यावर एका मुलीनं सांगितलं, "सर, दर्जा हे आमच्या परीक्षकांचं मत असतं."

"मत तर माझंही आहे."

"हो सर," ती मुलगी म्हणाली आणि पुन्हा संगीत सुरू झालं.

मग त्यांनी ठरवलं, डबी फोडायची आणि नाणं नव्यानं पाठवायचं. कवळी कापायच्या बारीक चकतीनं त्यांनी डबीची शिवण चारी बाजूंनी कापली. श्वास रोखून, नाण्याला धक्का न लावता. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आता चौसष्ट नक्की, कदाचित पासष्टसुद्धा, असं ते बायकोला दोनदा म्हणाले.

नाणं परत आलं. बासष्ट.

त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या कवळीत सुळा उलटा बसवला. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. बायकोनं ते पाहिलं आणि म्हणाली, "चला, त्या कंपनीत जाऊन येऊ. नाहीतर गावाचे दात वाकडे कराल."

कंपनीची खोली छोटी होती. टेबलावर काळं मखमली कापड, वर वाकवलेला दिवा, खिडकीला जाड पडदा. मुख्य परीक्षक बाई पन्नाशीच्या, सर्दीनं नाक लाल झालेल्या. त्यांनी नाणं दिव्याखाली तिरपं धरलं आणि हळूहळू फिरवलं. चकाकी काठाकडून आत सरकली आणि राजाच्या केसांशी येऊन मंदावली.

"इथे बघा. उजेड अडखळतोय. झीज नाही, पण चकाकी मुळातच थोडी कमी आहे."

कवळीवाल्यांनी आपलं भिंग काढून पाहिलं. उजेड खरंच अडखळत होता. पण मेहुण्याचा ओरखडा त्यांच्या डोक्यातून जाईना.

"बरं. मग पहिल्यांदा त्रेसष्ट कसं दिलंत? तेव्हा चुकलात की आता?"

"चूक म्हणता येणार नाही. तीन जण एकमेकांना न विचारता बघतात. काही नाणी दोन आकड्यांच्या मधे असतात. एकदा इकडे झुकतात, एकदा तिकडे."

"म्हणजे खरं काय ते तुम्हालाही माहीत नाही."

बाईंनी नाक पुसलं. "नाणं अस्सल आहे. कोणी घासलेलं, पुसलेलं नाही. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. आकड्याबद्दल तेवढं नाही सांगू शकत."

त्यांनी असं सरळ कबूल केल्यावर भांडायलाही काही उरलं नाही. कवळीवाल्यांना त्याचीच जास्त चीड आली.

परतताना बायको म्हणाली, "तुमचं गिऱ्हाईकही सकाळी कवळी बसली म्हणतं आणि संध्याकाळी टोचते म्हणतं. तसंच हे."

"ते हिरडी सुजते म्हणून," ते गुरगुरले. "त्याला कारण असतं."

रविवारी मेहुणा आला. बासष्ट ऐकून त्यानं हसू दाबलं, पण ते बहिणीला दिसलं. चहाचा कप त्याच्यापुढे ठेवत ती म्हणाली, "तूही फोड तुझी डबी. पाठव परत. बघू काय येतं."

मेहुण्याचा चेहरा उतरला. "माझं कशाला, ताई? माझं ठीक आहे की."

"मग घाबरतोस कशाला?" कवळीवाले म्हणाले. "गालावरचा ओरखडा तुलाही माहीत आहे. माहीत आहे ना?"

"आहे माहीत," मेहुणा चिडून म्हणाला. "रोज बघतो तो. रोज वाटतं, कोणीतरी येऊन चौसष्ट काढून घेईल. झालं समाधान?"

चहा तसाच ठेवून तो निघून गेला. कवळीवाल्यांना वाटलं होतं, हे ऐकून जिवाला थंड वाटेल. तसं काही झालं नाही. उलट, आपल्यासारखाच तोही रोज भिंग घेऊन बसतो हे कळल्यावर त्यांना त्याच्यावर धड रागावताही येईना.

महिनाभरानं त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"भाऊजी, ताईचं बोलणं लागलं मला. मी पाठवलं परत."

"आणि?"



"पासष्ट आलं," तो म्हणाला. "मलाही कळत नाहीये कसं. तुमची शपथ, भाऊजी."

कवळीवाल्यांनी डोळे मिटले. हातातली ओली कवळी त्यांनी सावकाश टेबलावर ठेवली.

"रविवारी ये," ते म्हणाले. "आणि ते नाणं घरीच ठेवून ये."