बाटली पुसली का?

मी पाणी तपासणारी मशीन बोलतेय. पाण्यात गढूळपणा किती, ते मी आकड्यात सांगते. दिसायला जेवणाच्या डब्याएवढी, पण आले तेव्हा माझा थाट नव्या नवरीचा होता. हार झाले, फोटो झाले. मला चालवायला शिकवण्यासाठी दूरदेशीचे पाहुणेही आले.

शिकायला बसवायचं कोणाला? आमचं पाणीखातं मानपान जपणारं. मान सगळ्यांत ज्येष्ठ साहेबांचा. ते मन लावून शिकले, प्रमाणपत्र भिंतीवर लागलं आणि पुढच्याच महिन्यात ते निवृत्त झाले. पुढच्या वर्षी पाहुणे पुन्हा आले. मान पुन्हा ज्येष्ठांचाच. अशी चार प्रमाणपत्रं झाली आणि मी आपली झालरीच्या कापडाखाली, सोवळ्यात ठेवल्यासारखी.

मला रोज पुसायची ती सफाईवाली मावशी. शिकवणीत चहा द्यायलाही तीच.

यंदा टेकडीवरच्या वस्तीत नवी विहीर झाली. पाणी स्वच्छ ठरलं तरच ती उघडणार होती. नव्या साहेबांनी पुस्तिका चाळली, काचेच्या बाटलीत ते पाणी भरलं, बाटली माझ्या पोटात ठेवली. आकडा आला भलताच मोठा.

"गढूळ आहे. विहीर बंद," म्हणत साहेबांनी कागद ओढला.

शेजारी टेबल पुसणारी मावशी थांबली. त्याच वस्तीत राहणारी तिची सून सातव्या महिन्यात होती आणि अजून टेकडी उतरून पाणी आणत होती.

"साहेब, बाटली पुसली का?"

"मावशी, ही मशीन आहे, भांडी नव्हेत."

"काचेवर बोटांचे ठसे राहिले की ही खोटं बोलते. पाहुणे दरसाल सांगायचे. मोठे साहेब नेमके तेव्हा चहा घेत असायचे."

साहेबांनी बाटली तिच्या हाती दिली. तिनं मऊ, कोरड्या फडक्यानं ती पुसली, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. आकडा आला एवढासा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी खरं बोलले.

विहीर उघडली.

"मला नीट शिकवाल?" साहेबांनी विचारलं.

"शिकवीन की. पण हा वसा आहे, साहेब. आणखी दोघांना शिकवल्याशिवाय निवृत्त व्हायचं नाही. घेतला वसा टाकायचा नाही."

आता माझ्यापुढे रोज कोणीतरी नवं बसतं, चुकतं, पुन्हा पुसतं. झालरीचं कापड मावशी नातीच्या पाळण्यासाठी घेऊन गेली. बरं झालं. बाबांनो, मला झाकू नका, झिजू द्या. बाटली तेवढी पुसत जा.