नवरदेवाच्या हातातलं लोखंड

ज्याच्या खिशात चाकू नाही त्याला मी पुरा माणूस समजत नाही, आणि ज्याच्या खिशात बोथट चाकू आहे त्याला तर अर्धाही नाही. हे मत मी नागभीडच्या बाजारात, तेरवीच्या पंगतीत, कोणी विचारो न विचारो, सांगत आलो आहे.

माझा चाकू बाबूभाईंच्या हातचा. नागभीडला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांची लोहाराची भट्टी होती. लाकडं चिरायच्या आरा मशीनचं जुनं पातं कापून, घासून त्यांनी बोटभर लांबीचा चाकू केला, म्हशीच्या शिंगाची मूठ बसवली आणि दोन पितळी खिळे ठोकले. उघडताना कट्ट वाजायचा, मिटला की मुठीत गडप. बावीस वर्षं तो माझ्या बंडीच्या खिशात होता. तंबाखूच्या खर्र्यात घालायची सुपारी, दातणाची काडी, पायातला काटा, आंबा, सुतळी, सगळं त्यानंच व्हायचं. रोज सकाळी दगडावर पाणी शिंपडून मी त्याला धार लावायचो आणि बायको तेवढ्याच वेळात मुद्दाम भांडी आपटायची.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात पियुषचं लग्न निघालं. पियुष माझ्या थोरल्या भावाचा पोरगा. मोबाइलची कार्डं विकायचा, केसांना काहीतरी चिकट चोपडायचा. खिशात चाकू नाही म्हणून आंबा दातांनी सोलायचा. विंचू दिसला तर खाटेवर चढायचा. असल्या पोराला कोणी पोरगी देईल असं मला वाटलं नव्हतं, पण अहेरीकडच्या लोकांनी दिली.

आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचून. लग्न लागेपर्यंत हातातलं लोखंड सुटू द्यायचं नाही. गावाची कट्यार एकच, लटारूच्या घरची, आणि त्याच तिथीला ती दुसऱ्या वरातीबरोबर निघून गेली होती. तिला कट्यार म्हणायचं ते मानापुरतंच. तिनं लिंबूदेखील धड चिरलं नसतं.

"कोनापाशी चाकू हाये का रे?" सुगंधाबाई, म्हणजे माझी वहिनी, मांडवात ओरडली.

मग गड्यांनी आपापले खिसे उलटे केले. काय ती शस्त्रं! दसरूनं वरोऱ्याच्या बाजारातला लाल प्लास्टिकच्या मुठीचा चाकू काढला. त्याचं पातं म्हाताऱ्याच्या दाढेसारखं हलत होतं. इसरूनं दहा पात्यांचा काढला. त्यात कात्री होती, बाटली उघडायची सोय होती, नखं घासायची होती. कापायची तेवढी नव्हती.

"भैयाजी, हा फॉरेनचा हाये," इसरू म्हणाला.

"मंग लिंबूही तिकूनच आन," मी म्हटलं.

वहिनी माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुमचाच द्या बाप्पा. उद्या लगन लागलं का वापस."

मी थोडे आढेवेढे घेतले, पण आतून फुगलो होतो. संध्याकाळी तासभर बसून त्याला वस्तऱ्यासारखी धार लावली. लिंबू खोचायच्या चाकूला धार कशाला हवी, हे विचारण्याइतकी अक्कल अख्ख्या मांडवात कोणाला नव्हती. मला तर नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी वरातीची बस निघाली. अहेरीच्या अलीकडे जंगलातल्या नाक्यावर पोलिसांनी थांबवली. नक्षल्यांमुळे त्या आठवड्यात तपासणी कडक होती. सगळ्यांना उतरवून उन्हात ओळीनं उभं केलं. साहेब तरुण होता, बोली पुण्याकडची. नवरदेवाच्या हातातला चाकू पाहून त्यानं तो मागितला.

वहिनी मध्ये पडली. "साहेब, हळद लागली हाये. त्याच्या हातचं लोखंड सोडवू नोका."

साहेबानं तरी घेतलाच. वहिनीनं लगेच कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून पियुषच्या हातात कोंबला. साहेबानं लिंबू काढून टाकलं आणि पातं स्वतःच्या मनगटावरून फिरवलं. केस साफ झाले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझी छाती वीतभर वर आली.

"लग्नाच्या कट्यारीला असली धार असते का?" साहेब म्हणाला. "हा चाकू कोणाचा?"

ओळीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. दसरूचं, इसरूचं, सगळ्यांचं. साहेबही माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुमचा?"

नाक्यामागं एक खोली होती, तिच्या दाराशी दोन बंदूकवाले होते. मी त्या दाराकडे पाहिलं आणि म्हणालो, "नाई साहेब. मले काय मालूम? पोराच्या हातात हाये, त्याचाच असन."

हे मीच बोललो. नवरदेवाचं नाव पुढं केलं, हळदीच्या अंगानं उभ्या असलेल्या पोराचं. वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं की चपलेनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

पियुष ओळीतून पुढं आला. "माहाच हाये साहेब," तो म्हणाला. "ह्या लोकाईले जाऊ द्या. लगनाची येळ होऊन राह्यली."

त्याला खोलीत नेलं. तासभर आम्ही उन्हात बसलो. माझ्याशेजारी कोणी बसलं नाही, आणि खर्रा फिरत फिरत आला तो मला वगळून पुढं गेला. शेवटी पियुष हातात किल्ल्यांचा जुडगा घट्ट धरून बाहेर आला, मागोमाग साहेब आला. मुलीकडच्या गावी वायरलेसवरून विचारून त्यानं खात्री करून घेतली होती. चाकू पियुषला देत तो म्हणाला, "कागदावर सही तुमची आहे. दुसऱ्या कोणाच्या हातात दिसायला नको." मुहूर्त टळला, पण लग्न लागलं.

परतीच्या बसमध्ये पियुष आणि त्याची नवरी करिष्मा पुढच्या सीटवर बसले होते. मी मागं दाटीत उभा होतो. लग्न लागल्यावर वापस, असं ठरलं होतं, पण मागायला तोंड नव्हतं. पियुष आपणच उठून माझ्यापाशी आला आणि चाकू पुढं धरला.

"घ्या काकाजी, तुमचा चाकू."

बाबूभाईंच्या हातची ती मूठ बावीस वर्षांत माझ्या बोटांनी झिजलेली होती. मी हात उचलला. तेवढ्यात समोरच्या काचेतून रस्ता दिसला आणि पुढं येणारा नाका आठवला. हात आपोआप खाली आला.

"राहू दे," मी म्हटलं. "नाका गेल्यावर दे."

वाटलं, पोरगा आता हसेल. चार लोकांत माझी लाज काढेल. मी त्याच्या जागी असतो तर जन्मभर सोडलं नसतं. त्यानं चाकू मिटून आपल्या खिशात टाकला आणि बायकोला म्हणाला, "करिष्मा, जराशी सरक वं. काकाजीले खिडकीपाशी बसू दे, त्याहिले घाम फुटून राह्यला."